वसंत रामजी खानोलकर

डॉ. वसंत रामजी खानोलकर (१३ एप्रिल १८९५ – २९ ऑक्टोबर १९७८) हे भारतीय विकृतिशास्त्रज्ञ व कर्करोग संशोधक होते. भारतातील विकृतिशास्त्राचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक असा त्यांचा उल्लेख केला जातो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील प्रयोगशाळांची उभारणी त्यांच्या नेतृत्वाखाली झाली आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्राच्या स्थापनेत त्यांचा प्रमुख वाटा होता. कर्करोगाबरोबरच कुष्ठरोग व रक्तगट या विषयांवरही त्यांचे संशोधन आहे. तथापि त्यांचे सर्वाधिक महत्त्वाचे कार्य म्हणजे दीर्घकाळ क्षोभ सोसणाऱ्या, सतत दाह (शोथ) असलेल्या ऊतकात कर्करोग उद्भवू शकतो, हे भारतीय लोकांच्या सवयी व वेशभूषा यांच्या आधारे त्यांनी दाखवून दिले. या दाहापासून कर्करोगापर्यंतचा निरोप कोणते रेणू वाहून नेतात, हे मात्र त्यांच्या निधनानंतरच्या काळात उलगडले.

शिक्षण व अध्यापन

खानोलकरांनी वैद्यकाचे उच्च शिक्षण इंग्लंडमध्ये घेतले. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. ही पदवी त्यांना मिळाली. भारतात परतल्यावर त्यांनी मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात व नंतर सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्राचे अध्यापन केले. परळचे हे दुसरे महाविद्यालय आणि त्याला जोडलेले के.ई.एम. रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले होते.

विकृतिशास्त्रज्ञाचे काम प्रामुख्याने शवविच्छेदनाचे व निदानाचे, म्हणजे शल्यचिकित्सकाने काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोगाचे नाव सांगण्याचे, अशी त्या काळी सर्वसाधारण समजूत होती. खानोलकरांनी हे काम केलेच, परंतु तो तुकडा ज्या माणसाच्या शरीरातून आला त्याचे गाव, समाज, व्यवसाय आणि सवयी यांचीही चौकशी त्यांनी संशोधनाचा भाग मानली. पुढील सर्व कार्याचे मूळ या चौकशीत आहे.

टाटा स्मारक रुग्णालय

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले आणि पुढच्याच वर्षी दोराबजीही वारले. त्यांच्या नावाच्या न्यासाने परळ येथे उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. केवळ कर्करोगासाठी वाहिलेल्या या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची जबाबदारी खानोलकरांकडे आली.

कर्करोग हा पाश्चात्त्य, सुधारलेल्या देशांचा रोग असून हिंदुस्थानात तो विरळा आढळतो, असे मत तेव्हा प्रचलित होते. परळला देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून येणारे रुग्ण पाहता ते टिकण्यासारखे नव्हते. मात्र येथील कर्करोगाचे स्वरूप खरोखरच वेगळे होते. युरोपात तुलनेने कमी आढळणारा तोंडाचा कर्करोग येथे फार मोठ्या प्रमाणावर दिसत होता. याचे कारण वंशात, हवामानात की आहारात, याविषयी केवळ तर्क लढविले जात होते. खानोलकरांनी लागोपाठ आलेल्या १,००० मुखकर्करोग रुग्णांच्या नोंदींचा आढावा घेऊन तो १९४४ मध्ये 'कॅन्सर रिसर्च' या अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध केला. भारतातील कर्करोगाच्या रोगपरिस्थितीविज्ञानात हा निबंध पायाभूत मानला जातो.

मुंबई हे शहर अशा अभ्यासास विशेष सोयीचे होते. दख्खनी, गुजराती, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती असे अनेक समाज एकाच हवेत व एकाच पाण्यावर राहत होते, परंतु त्यांचे खाणे, व्यसने, विवाहाचे वय आणि वेशभूषा यांत मोठा फरक होता. पारशी स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग अधिक आणि गर्भाशयमुखाचा कमी, तर हिंदू स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा अधिक, असे भेद रुग्णालयाच्या नोंदींतून पुढे आले. त्यामुळे सरसकट 'भारतीय कर्करोग' असे काही न मानता त्या त्या समाजाच्या जीवनपद्धतीकडे पाहणे खानोलकरांना आवश्यक वाटले.

चालीरीती आणि कर्करोग

१९४५ मध्ये खानोलकर व बी. सूर्याबाई यांनी चालीरीतींशी निगडित अशा, भारतात आढळणाऱ्या तीन प्रकारच्या कर्करोगांचे वर्णन केले. आजही पाठ्यपुस्तकांत त्यांचा निर्देश असतो.

त्यांपैकी पहिला धोतराचा कर्करोग. धोतर किंवा साडी वर्षानुवर्षे कमरेच्या एकाच रेषेवर घट्ट आवळून बांधली की तेथील कातडीवर सतत घर्षण होते. त्यात घाम व धूळ यांची भर पडते. प्रथम त्या पट्ट्यातील कातडीचा रंग बदलतो, ती जाड होते, तिच्यावर भेगा व जखमा होतात. पुष्कळ वर्षांनी एखाद्या न भरणाऱ्या जखमेतून कर्करोग उद्भवतो. हा रोग विरळा असला, तरी शास्त्रीय दृष्ट्या तो मोलाचा आहे, कारण येथे तंबाखूसारखे कोणतेही उघड कर्करोगकारक रसायन नाही.

दुसरा प्रकार आंध्रच्या किनारपट्टीवरील. तेथे चुट्टा नावाची जाडसर, हाताने वळलेली विडी जळते टोक तोंडात धरून ओढण्याची रीत आहे आणि ती स्त्रियांमध्ये विशेष आढळते. अशा रुग्णांत कर्करोग टाळूच्या कठीण भागावर होतो. एरवी ही जागा तोंडाच्या कर्करोगात फारशी आढळत नाही. तिसरा प्रकार बिहारकडील खैनीचा. तंबाखू व चुना तळहातावर मळून ती चिमूट खालच्या ओठाच्या आत ठेवतात आणि कर्करोगही नेमका तेथेच होतो. महाराष्ट्रात तंबाखूची गुळणी किंवा विडा गालात धरून ठेवणाऱ्यांच्या गालाच्या आतल्या बाजूस रोग दिसतो, हे याच मालिकेतील निरीक्षण होय. काश्मीरमध्ये फेरनच्या आत पोटाशी कांगडी धरणाऱ्यांना पोटाच्या वा मांडीच्या कातडीचा कर्करोग होतो, असे वर्णन तेथील मिशनरी डॉक्टरांनी आधीच केले होते. खानोलकरांच्या निरीक्षणांनी ते एका व्यापक चौकटीत बसले.

या सर्व उदाहरणांत क्षोभ जेथे, कर्करोगही तेथेच असे दिसते. माणसाचा वंश तोच राहिला, पण चिमूट ठेवण्याची जागा बदलली, तर रोगाची जागाही बदलते. वंशाच्या आधारे दिलेली स्पष्टीकरणे या साध्या निरीक्षणापुढे फिकी पडली. येथे खानोलकरांचे श्रेय केवळ वैद्यकीय नाही, असे म्हणावे लागते. रोग रक्तात असेल तर उपाय नाही, सवयीत असेल तर आहे.

एल. डी. संघवी व के. सी. राव यांच्यासह त्यांनी १९५५ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात कर्करोगाचे रुग्ण व इतर व्यक्ती यांच्या सवयींची तुलना केली आहे. तंबाखू चघळणे व ओढणे या दोहोंचा तोंड, घसा व अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी असलेला संबंध त्यातून आकडेवारीनिशी स्पष्ट झाला. संघवी यांच्याबरोबर त्यांनी मुंबईतील विविध समाजांच्या रक्तगटांचा व आनुवंशिक लक्षणांचाही अभ्यास केला होता.

क्षोभाची उपपत्ती

क्षोभातून कर्करोग ही कल्पना मुळात खानोलकरांची नव्हे. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडोल्फ फिरखो यांनी १८६३ मध्ये कर्करोगाच्या गाठींत रक्तातील पांढऱ्या पेशी आढळतात, याकडे लक्ष वेधून दीर्घकालीन दाहाच्या जागी कर्करोग उद्भवतो, असे प्रतिपादन केले होते. १९१५ मध्ये यामागिवा व इचिकावा या जपानी संशोधकांनी सशाच्या कानावर महिनोन् महिने डांबर चोळून कर्करोग निर्माण केला, तेव्हा या मताला बळकटी आल्यासारखे वाटले. परंतु पुढे डांबरातील विशिष्ट रसायनेच वेगळी काढण्यात आली आणि क्षोभाऐवजी रसायन हेच खरे कारण, असे मत रूढ झाले. कृमींमुळे उंदरांच्या जठरात कर्करोग होतो, या शोधाबद्दल योहानेस फिबिगर यांना १९२६ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. तो निष्कर्ष नंतर चुकीचा ठरल्याने क्षोभाच्या उपपत्तीची प्रतिष्ठा आणखी घटली. खानोलकरांनी धोतराच्या कर्करोगाविषयी लिहिले तो काळ हा असा होता.

त्याच सुमारास आयझॅक बेरेनब्लम यांनी इंग्लंडमध्ये केलेल्या प्रयोगांनी प्रश्नाला निराळे वळण दिले. उंदराच्या कातडीवर कर्करोगकारक रसायन अल्प प्रमाणात लावले, तर गाठ होत नाही. नुसते जमालगोट्याचे तेल लावले तर कातडी लाल होऊन सुजते, पण गाठ सहसा होत नाही. आधी रसायन व नंतर वारंवार जमालगोट्याचे तेल लावले, तर मात्र गाठी उद्भवतात. म्हणजे पेशीच्या जनुकांत बिघाड करणे ही एक पायरी आणि बिघडलेल्या पेशीला वाढीस लावणे ही दुसरी. क्षोभ आणि दाह यांचे कार्य मुख्यतः दुसऱ्या पायरीवर चालते. तंबाखूसारख्या पदार्थात दोन्ही पायऱ्यांचे साहित्य एकत्र असते. तिच्यातील नायट्रोसअमाइने डीएनएला इजा करतात आणि तंबाखू-चुन्याची चिमूट श्लेष्मकलेला दररोज चेतवत राहते.

सुपारी, मिरची आणि आखडलेले तोंड

१९५३ मध्ये मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू व घशाच्या कमानींवर आढळणाऱ्या एका विकाराचे वर्णन केले. त्याला अवश्लेष्मल तंतुमयता असे म्हणता येईल. रुग्णाला प्रथम तिखट सोसत नाही, तोंडात आग होते, फोड येतात. पुढे गालाची आतली बाजू पांढुरकी व चामड्यासारखी ताठ होते आणि तोंड हळूहळू उघडेनासे होते. या विकारात प्रारंभी दाह असतो, नंतर तंतूंचा थर साचतो आणि काही रुग्णांत अखेर कर्करोग होतो. दाह व कर्करोग यांच्यामधली वाट एकाच गालावर पाहता यावी, असा हा विकार होय.

खानोलकर व त्यांच्या सहकारी डॉ. सत्यवती शिरसाट यांनी या विकाराचा प्रायोगिक अभ्यास हाती घेतला. १९६० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्यांनी विशिष्ट आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या टाळूवर मिरचीला तिखटपणा देणारे कॅप्सेसिन लावले, तसेच सुपारीतील अरेकोलीन या अल्कलॉइडाचे परिणाम तपासले. भारतीयांच्या तिखट खाण्यावर तेव्हा बराच संशय होता. पुढील अनेक अभ्यासांत मिरची बाजूला पडली आणि सुपारी हेच प्रमुख कारण म्हणून पुढे आले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूयुक्त विडा १९८५ मध्ये कर्करोगकारक ठरविला होता. तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगकारक आहे, हा तिचा निर्णय २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. सुपारी मंगलकार्यात पूजेला लागते, पाहुण्यापुढे पानाच्या तबकात येते, म्हणून तिला निर्दोष मानण्याची सवय महाराष्ट्रात खोलवर रुजलेली आहे. गुटख्याच्या पुड्यांनी तिचा प्रसार शाळकरी मुलांपर्यंत केला. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली.

मुंबईच्या रुग्णालयात जे दिसले ते खेड्यांत कितपत खरे आहे, याचे उत्तर पुणे जिल्ह्याने दिले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी डॅनिश शास्त्रज्ञ जेन्स पिंडबोर्ग यांच्यासह जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली व निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. मुळशी, मावळ यांसारख्या भागांसह ग्रामीण महाराष्ट्रात भाजलेल्या तंबाखूची मशेरी दातांना व हिरड्यांना लावण्याची सवय स्त्रियांमध्ये परिचयाची आहे. दात स्वच्छ करण्याचे साधन म्हणून घरात शिरलेली मशेरी दिवसातून अनेकदा लावली जाऊ लागते आणि तिची गणना व्यसनात होतच नाही.

दाहाचे संकेतरेणू

खानोलकरांच्या हयातीत विकृतिशास्त्रज्ञाला छेदामध्ये दाहाच्या पेशी दिसत. त्या शेजारच्या पेशींशी काय बोलतात, हे जाणण्याचे साधन नव्हते. १९७५ मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ कार्सवेल, लॉइड ओल्ड व सहकाऱ्यांनी उंदरांच्या रक्तद्रवात गाठी नष्ट करणारे एक प्रथिन असल्याचे दाखविले. त्याला ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर (अर्बुदनाशक घटक) असे नाव मिळाले. हे नाव पुढे काहीसे दिशाभूल करणारे ठरले. मोठ्या मात्रेत गाठ मारणारे हे प्रथिन ऊतकात अल्प प्रमाणात परंतु दीर्घकाळ स्रवत राहिले, तर गाठीच्या वाढीस मदतच करते. १९९९ मध्ये हे प्रथिन तयार न करू शकणाऱ्या उंदरांवर बेरेनब्लम यांच्या धर्तीचा प्रयोग झाला. जमालगोट्याच्या तेलातील क्रियाशील द्रव्य लावूनही त्यांच्या कातडीवर गाठी फारच कमी आल्या. तेलाने चेतविलेला दाह कोणत्या निरोप्याच्या हातून काम करतो, त्याचे एक नाव अशा रीतीने कळले.

अशा निरोप्या प्रथिनांना सायटोकाइने म्हणतात. जखम झाली की पांढऱ्या पेशी तेथे जमतात आणि ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, इंटरल्युकिन-१ व इंटरल्युकिन-६ ही प्रथिने स्रवतात. ती शेजारच्या पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहींना चिकटतात. त्यामुळे पेशीच्या आत एनएफ-कप्पा-बी व स्टॅट-३ यांसारखी नियामक प्रथिने जागी होऊन केंद्रकात शिरतात आणि ठरावीक जनुके चालू करतात. परिणामी पेशी विभागू लागते आणि सदोष पेशीने स्वतःहून मरण्याची जी व्यवस्था शरीरात आहे, ती दबते. प्रोस्टाग्लँडिन बनविणारे कॉक्स-२ हे विकर वाढते, नव्या रक्तवाहिन्या फुटतात. जखम भरून येण्यासाठी हे सर्व आवश्यकच आहे. चार दिवसांत ती भरली की संकेत थांबतात.

तंबाखूची चिमूट मात्र उद्या पुन्हा त्याच जागी येते. संकेत थांबत नाहीत. दाहपेशींनी जंतूंसाठी सोडलेले ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू आपल्याच पेशींच्या डीएनएला इजा करीत राहतात आणि इजा झालेल्या पेशींना त्याच वेळी वाढीचा व जगण्याचा निरोप मिळत राहतो. सुपारीच्या विकारात ट्रान्सफॉर्मिंग ग्रोथ फॅक्टर-बीटा हा संकेतरेणू तंतू निर्माण करणाऱ्या पेशींना चेतवितो आणि गाल ताठ होतो. २००४ मध्ये उंदरांवरील दोन स्वतंत्र प्रयोगांत, एका आतड्याच्या व दुसऱ्या यकृताच्या दाहात, एनएफ-कप्पा-बीचा मार्ग रोखल्यास कर्करोगाच्या गाठी कमी होतात, असे दिसून आले. जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू, यकृतदाहाचे ब व क विषाणू आणि मोठ्या आतड्याचा व्रणयुक्त दाह यांचे कर्करोगाशी असलेले नाते याच यंत्रणेने बऱ्याच अंशी स्पष्ट होते.

संकेत रोखून कर्करोग टाळता येईल काय, हा प्रश्न अजून खुला आहे. हृदयविकाराच्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत इंटरल्युकिन-१-बीटा निष्प्रभ करणारे औषध घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी आढळले. परंतु तो कर्करोग आधीच झालेल्या रुग्णांत त्याच औषधाला अपेक्षित यश आले नाही. शिवाय हे रेणू जंतुसंसर्गापासून संरक्षणही करतात, त्यामुळे ते दाबण्याची किंमत मोजावी लागते. तोंडाच्या कर्करोगापुरते पाहिल्यास क्षोभाचे मूळच दूर करणे हा खानोलकरांच्या निबंधांतून निघणारा उपाय अद्याप अधिक खात्रीचा आहे.

कुष्ठरोगावरील संशोधन

खानोलकरांनी कुष्ठरोगाच्या अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांचे छेद तपासून जंतू त्वचेतील चेतातंतूंच्या टोकांतून शिरून चेतांच्या मार्गाने पसरतात, असे मत मांडले. या विषयावरील त्यांचे विवेचन १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. १९५८ मध्ये संशोधन केंद्रात कुष्ठरुग्णाच्या ऊतकातून वाढविलेला एक जंतू केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आयसीआरसी जंतू म्हणून ओळखला जातो. पुढे कुष्ठरोगावरील लशीच्या प्रयत्नांत त्याचा उपयोग झाला.

संस्थात्मक कार्य व सन्मान

१९५२ मध्ये परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले व खानोलकर त्याचे संचालक झाले. पुण्यात जन्मलेल्या जीवशास्त्रज्ञ डॉ. कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली होती. अमेरिकेतील अभ्यासानंतर त्यांनी या केंद्रात ऊतकसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. रणदिवे, शिरसाट, संघवी अशी निरनिराळ्या शास्त्रांतील माणसे एका छताखाली आणणे हे खानोलकरांच्या निबंधांइतकेच टिकाऊ काम ठरले.

भारतीय विकृतिशास्त्रज्ञांच्या संघटनेचे ते संस्थापक-अध्यक्ष होते. आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. अणुकिरणांच्या परिणामांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण व राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हे सन्मान दिले.

टाटा स्मारक रुग्णालय व संशोधन केंद्र १९६६ मध्ये एकत्र येऊन अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत टाटा स्मारक केंद्र अस्तित्वात आले. संशोधन शाखा नंतर नवी मुंबईतील खारघर येथे हलविण्यात आली. तेथील प्रयोगशाळांच्या इमारतीला 'खानोलकर शोधिका' असे नाव असून तोंडाच्या कर्करोगावरील रेणवीय संशोधन त्या संस्थेत चालू आहे.